बरे झालेल्यांची चौकशी

१

कोणी नाचण्याची तक्रार घेऊन आपल्यापुढे येईल, असं साधनाबाई उंदीरवाडेंना पोलीस खात्यातल्या सबंध नोकरीत कधी वाटलं नव्हतं. घुग्घुसला त्यांनी कोळसा चोरणारे धरले होते, बल्लारपूरला भंगार पळवणारे. आडनावावरून खात्यात सगळे त्यांना 'मांजर' म्हणायचे, आणि त्या नावाचा त्यांना मनातून अभिमानच होता. निवृत्तीनंतर मूलला घर बांधलं, अंगणात सीताफळ लावलं. आणि आता येरंडी फाट्यावरच्या दवाखान्यात एक टाय लावलेला तरुण त्यांच्या नाकासमोर मोबाइल धरून म्हणत होता, "बघा मॅडम. ही घ्या चोरी."

मोबाइलवर भर उन्हातली वरात होती. डीजेच्या गाडीपुढे पिवळ्या लेहेंग्यातली एक पोरगी अशी काही नाचत होती, की घोडीवरचा नवरदेवही आपलं लग्न विसरून तिच्याकडेच बघत होता.

"ही दिव्यानी गुरनुले, कोसंबी टोल्याची," तो तरुण म्हणाला. त्याचं नाव आदेश. वेलनॉर नावाच्या औषध कंपनीचा तो या भागातला अधिकारी. "सिकलसेलची रुग्ण आहे. मागच्या उन्हाळ्यात दर महिन्याला इथे भरती व्हायची. ती असं नाचूच शकत नाही."

"पण नाचून राह्यली ना," साधनाबाई म्हणाल्या.

"तेच तर! आमच्या ड्रेपोराशिवाय हे शक्य नाही. आणि ड्रेपोरा आम्ही तिला दिलेलंच नाही." त्याने चित्र थांबवून मोठं केलं. दिव्यानीचा वर उचललेला हात दिसला. नखांच्या मुळाशी निळसर रेघ होती. "ही रेघ ड्रेपोरा घेणाऱ्यालाच येते. दुसऱ्या कशाने येत नाही."

साधनाबाईंना ती रेघ माहीत होती. त्यांच्या बहिणीच्या मुलाच्या, धनराजच्या नखांवर तीच होती. या मुलखात सिकलसेल घरोघरी. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि मग हाडाहाडात अशा कळा येतात की धट्टाकट्टा माणूस गुडघे पोटाशी घेऊन रडतो. ड्रेपोराच्या रोजच्या एका गोळीने त्या कळा थांबत. पण तिची किंमत नुसती सांगितली, तरी मूलच्या बाजारात लोक हसत. कंपनीने मेहेरबानी म्हणून या दवाखान्यातल्या थोड्या रुग्णांना ती फुकट चालू केली होती. धनराज त्यांतला एक. बाकीचे वाट बघत होते. दिव्यानी त्या बाकीच्यांतली.

"आमची एक गोळी जरी इकडची तिकडे झाली असेल, तर फुकट योजना बंद," आदेश म्हणाला. "करारातच तसं आहे. सोमवारी मला वर उत्तर द्यायचंय."

टेबलामागे बसलेले डॉक्टर कुलदीप मडावी इतका वेळ गप्प होते. एटापल्लीच्या जंगलातल्या गावातून शिकून आलेला हा माणूस, मोठ्या शहराची नोकरी सोडून या फाट्यावर बसलेला. ते शांतपणे म्हणाले, "साधनाताई, तुम्ही दवाखान्याच्या विश्वस्त आहात, आणि चोर धरण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. चौकशी तुम्हीच करा. ज्याला विचारायचं त्याला विचारा. जे सापडेल ते आदेशरावांना सरळ सांगा. माझी भीड धरू नका."

साधनाबाईंनी तिथल्या तिथे औषधाचं कपाट उघडायला लावलं. आलेल्या बाटल्या, वाटलेल्या बाटल्या, उरलेल्या बाटल्या, सगळं आदेशने स्वतः ताडून बघितलं. मग परत बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

एकही गोळी कमी नव्हती.

२

"गोळ्या पुऱ्या आहेत, पण खऱ्या आहेत का?" साधनाबाईंच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती ही. कोणी खऱ्या गोळ्या काढून घेऊन बाटल्यांत खडूच्या भरल्या असतील तर? मग धनराज आणि त्याच्यासारखे आज ना उद्या आडवे पडणार. त्या तडक बहिणीच्या घरी गेल्या. धनराज घरावर चढून कौलारू छपराचे कवेलू फेरत होता. वरून ओरडला, "मावशी, पाणी पाज ना व!"

त्याची नखं निळी, डोळे स्वच्छ. कंपनीच्या बाकी रुग्णांकडेही त्यांनी चक्कर मारली. सगळे ठणठणीत.

म्हणजे कोणाचं काही गेलंच नव्हतं. चोरी झाली म्हणावं, तर ज्याच्या घरी झाली त्याचा डबा भरलेला. असली चोरी त्यांनी घुग्घुसला पाहिली नव्हती की बल्लारपूरला.

दवाखान्यात परतल्या तेव्हा वॉर्डात रुखमा सिस्टर एकटीच उशांना अभ्रे चढवत होती. औषधाच्या कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला असे. बाकी सगळ्या खाटा रिकाम्या, चादरी ताणलेल्या.

"सिकलसेलचे पेशंट कुठी गेले व, रुखमा?"

"भरती व्हाले कोणी येऊनच नाई राह्यलं, बाई. होळीपासून कोणीच नाई." रुखमाने उशी जरा जास्तच जोरात थोपटली. "चांगलंच आहे ना. देवाची किरपा."

एप्रिल महिना. सिकलसेलवाल्याचं पाणी उन्हात आटतं आणि कळा सुरू होतात. दर वर्षी या दिवसांत इथे खाट मिळत नसे. आणि या वर्षी सगळा वॉर्ड ओस. याचा अर्थ, दिव्यानी एकटी बरी झाली नव्हती. वाट बघणारे सगळेच बरे झाले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या कोसंबी टोल्यावर, त्या लहानशा वस्तीवर, पोचल्या. दिव्यानीची आई कमळा अंगणात धान पाखडत होती. पोलीस बाई म्हटल्यावर तिने सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि दारात अशी उभी राहिली, की जणू घरावर जप्तीच आली आहे.

"माही पोरगी नाचली. त्यात कोणाच्या बापाचं काय गेलं?"

"काईच नाई गेलं. मले तिले पाहू तर दे."

दिव्यानी बाहेर आली. गाल भरलेले, डोळ्यांतला पिवळेपणा गेलेला. साधनाबाईंनी तिचा हात हातात घेतला. नखांवर लालभडक नेलपॉलिश, अगदी मुळापर्यंत थापलेलं.

"छान आहे. कधी लावलं?"

"काल," पोरगी म्हणाली आणि आईकडे बघायला लागली.

साधनाबाई सहज देव्हाऱ्याशी वाकल्या, नमस्काराला हात जोडले, आणि फट्कन शिंकल्या. एकदा, दोनदा, मग थांबेचनात. कमळाने लगबगीने पाणी दिलं आणि देव्हाऱ्यापुढचा पडदा सारला. नाक पुसत साधनाबाई बाहेर पडल्या. कमळाच्या तोंडावर आता काळजी दिसत होती.

पुढचं घर रामाजीचं. साठी उलटलेला, मिशाळ, धोतर नेसणारा शेतकरी. मागच्या वर्षी काठीशिवाय उभा राहत नसे. आता बांधावर कुऱ्हाड चालवत होता. त्याने साधनाबाईंना "जयभीम" केला, घरात बोलावलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीजवळ त्या बसल्या आणि परत शिंकल्या. रामाजीने पाण्याचा पेला पुढे केला.

साधनाबाई पाणी घ्यायच्या विसरल्या. त्या त्याच्या बोटांकडे बघतच राहिल्या. मिशाळ रामाजीच्या दहाही नखांवर गुलाबी नेलपॉलिश होतं. चमकीवालं.

३

"नातीनं लावलं," रामाजी मान खाली घालून म्हणाला. "लाहान आहे. ऐकतच नाई."

"आणि बरं कशानं वाटून राह्यलं, भाऊ?"

"झिंगू वैदूचा काढा," रामाजी घोकून आल्यासारखा म्हणाला. "मोहफुलाच्या झाडाखालचा."

तिसऱ्या घरी, चौथ्या घरी तेच उत्तर. सगळ्यांना झिंगूच्या काढ्याने गुण आला होता आणि सगळ्यांच्या नाती, सुना, भाच्या एकाच आठवड्यात नेलपॉलिशच्या नादी लागल्या होत्या.

झिंगू वैदू जंगलाच्या कडेला राहत असे. पोलीस बाई आलेली बघून तो घाबरला नाही. उलट त्याने खाट टाकली, चुलीवरचं भांडं उतरवलं आणि पेलाभर काढा पुढे केला. साधनाबाईंनी घोट घेतला. आलं, तुळस, गूळ. चवीला फर्मास.

"यात सिकलसेलची कोणती जडीबुटी आहे?"

"ते सांगायची नसते, बाई. सांगतली का गुण जाते."

"बरं. घ्यायचा कसा?"

झिंगूने छाती पुढे काढली. "सकाळी जेवल्यावर. पाणी भरपूर पेवाचं. दुधासंगं घ्यायचा नाई. दिवस चुकवायचा नाई. आन् महिन्याच्या महिन्याले दवाखान्यात जाऊन रगत तपासाचं."

साधनाबाईंनी पेला खाली ठेवला.

"काय तपासाचं?"

"रगत. पांढऱ्या पेशी कमी तं नाई झाल्या..." झिंगू मध्येच थांबला. आपण जास्त बोललो, हे त्याच्या ध्यानात आलं.

साधनाबाई इतक्या हसल्या की ठसका लागला. गूळ-तुळशीच्या काढ्यासाठी पांढऱ्या पेशी मोजायला लावणारा वैदू त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. "झिंगूभाऊ, तुले हे पाठ करून कोणं देल्लं?"

झिंगूही हसला, पण ओठ मिटून. "बाई, तुमी लय हुशार आहा. मले इच्यारू नका. मी नाव घेणार नाई, आन् खोटंबी बोलणार नाई. काढा आनखी घेता?"

त्यांनी आणखी एक पेला घेतला. परतीच्या वाटेवर पळसाचे खराटे झालेले, रस्त्यावर मोहफुलं सांडलेली, बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. साधनाबाई चालता चालता विचार करत होत्या. निळ्या रेघेची गोष्ट आदेशने डॉक्टरांच्या खोलीत काढली, तीही दार लावून. मग ती रेघ झाकायची अक्कल टोल्यावर कोणी पोचवली? औषधावर रक्त तपासायचं असतं, हे झिंगूला कोणी पढवलं?

वाट परत दवाखान्याकडेच जात होती.

४

मूलच्या बाजारात बांगड्यांचं एकच मोठं दुकान. साधनाबाईंनी फक्त विचारलं, "नेलपॉलिश आहे का?" तर दुकानदार हात जोडून म्हणाला, "संपलं, बाई. येरंडी फाट्याच्या सिस्टरबाईनं काल सगळाच्या सगळा डबा उचलला. म्हणे भाचीचं लग्न आहे."

रुखमाला भाची नव्हती.

रुखमा वॉर्डातच सापडली. साधनाबाई रिकाम्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "गुलाबी रंग रामाजीले शोभत नाई व. त्याले निदान बिनरंगाचं तरी द्यायचं होतं."

रुखमाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तिला हसू आलं, मग तोंडात पदर घेऊन ती रडायलाच लागली. "बाई, मीच चोर. मीच काढल्या गोळ्या कपाटातून. मले पोलिसात द्या, पन आनखी कोणाले काई इच्यारू नका."

"कोणत्या कपाटातून?"

"औषधाच्या. किल्ली माह्यापाशीच असते."

साधनाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गुन्हा नाकारणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. न झालेला गुन्हा कबूल करणारी ही पहिलीच. कपाटात गोळी न् गोळी हजर होती, म्हणजे रुखमा खोटं बोलत होती. आणि बाईमाणूस तुरुंगात जायला तयार होऊन खोटं बोलतं, ते कोणाला तरी पाठीशी घालायलाच. तिला असा जिवापलीकडचा माणूस या दवाखान्यात एकच होता.

पण त्यानेच तर चौकशी करायला सांगितली होती! स्वतःच्या घराला कोणी स्वतःच मांजर लावतं का?

५

डॉक्टर मडावी खोलीत नव्हते. बाहेर एका बाळाला तपासत होते. साधनाबाई त्यांच्या टेबलाशी जाऊन बसल्या. उकाडा होता, वारा घालायला कागद शोधावा म्हणून त्यांनी खालचा मोठा खण ओढला.

आणि शिंकल्या. नाकातोंडाला पाणी सुटेपर्यंत शिंकल्या.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. "पाणी आणू, ताई?"

"मिरची," साधनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तिखट चुलीपाशी असते. कमळाच्या घरी ते देव्हाऱ्यात होतं, रामाजीकडं बुद्धाच्या फळीवर, आन् तुमच्या इथी खणात. दार लावा, डॉक्टरसाहेब. आता माहं ऐका."

डॉक्टरांनी दार लावलं.

"आपल्याकडच्या बाया माघ-फाल्गुनात तेलंगणात मिरची तोडायला जातात. मजुरीत मिरचीची पोतीच घेऊन येतात. या वर्षी त्या पोत्यांत मिरचीसंगं दुसरंही काई आलं. डबे आधी तुमच्या खणात आले, तुम्ही तपासले, आन् मग घरोघरी देवापाशी गेले, कारण देवापाशी परका माणूस हात घालत नाई. नखं झाकायचं रुखमाले तुम्हीच सांगतलं. झिंगूले पथ्य तुम्हीच पढवलं. पण खरं सांगू, मले संशय पहिल्याच दिवशी यायला पाह्यजे होता. वर्षभर कळांनी ओरडणारी पोरगी वरातीत नाचते, आन् तिचा डॉक्टर एका शब्दानं विचारत नाई, का बाई, तू खाल्लं तरी काय? तुम्ही फक्त म्हणले, चौकशी करा. ज्याले सगळं ठाऊक असते, त्यालेच नवल वाटत नाई."

डॉक्टर खाली बसले. त्यांच्या तोंडावर पकडले गेल्याची भीती नव्हती, सुटल्याचा आनंद होता.

"सगळं बरोबर. फक्त त्यात गुन्हा कुठे आहे, ते सांगा," ते म्हणाले. मग त्यांनीच सगळं उलगडलं. ड्रेपोराला या देशात पेटंट अजून मिळालेलंच नव्हतं. मूळ औषध जुनं, त्याचं पेटंट कधीचं संपलेलं. कंपनीने त्याचा नुसता क्षार, म्हणजे मूळ द्रव्याला जोडलेलं मीठ, बदलला आणि नवा शोध म्हणून परत अर्ज केला. तो अर्ज पेटंट कार्यालयात पडून होता, आणि त्याला हरकत घेतली होती कोसंबी टोल्याच्या रुग्णांनीच, एका तरुण वकिलाच्या मदतीने. हैदराबादेत एक कारखाना सरकारी परवान्याने हेच औषध बनवत होता. पण वेलनॉरने नोटिसा धाडून औषध दुकानदारांना असं घाबरवलं होतं, की कोणी ते फळीवर ठेवायला धजत नव्हतं. वरंगलचा एक ठोक दुकानदार तेवढा बधला नव्हता.

"कमळाबाई शेतमालकाच्या मिरचीच्या टेम्पोत बसून वरंगलला गेल्या. माझ्या चिठ्ठ्या, रुग्णांचे पैसे, पक्कं बिल. पहिल्या डब्यातल्या गोळ्या मी नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासून घेतल्या. तेच औषध, तोच गुण. महिन्याभराच्या गोळ्या थोड्या दिवसांच्या मजुरीत."

"मग लपवून काऊन राह्यले?"

"धनराजसाठी. करारात आहे, दवाखान्याने हे औषध दुसऱ्या कोणाकडून घ्यायचं नाही. घेतलं, तर फुकट मिळणाऱ्यांचंही बंद. करार दवाखान्याचा आहे, रुग्णांचा नाही. म्हणून रुग्णांनी घेतलं. पेटंटचा निकाल लागेपर्यंत गप्प राहायचं असं ठरलं होतं. आणि तेवढ्यात ही पोरगी नाचली."

"आन् मले या भानगडीत ओढलं!" साधनाबाईंचा आवाज चढला. "इतक्या वर्षांची ओळख. एक शब्द सांगता नाही आला?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्या बाजूच्या झाला असता," डॉक्टर हळूच म्हणाले. "कपाटातली एकही गोळी गेलेली नाही, हे अशा माणसाने शोधून काढायला हवं होतं, ज्याला आधी काही माहीत नाही आणि जो खोटं बोलत नाही. या जिल्ह्यात मला तुमचंच नाव सुचलं. रागावला असाल तर माफ करा."

साधनाबाई रागावल्या होत्याच. पण डोळ्यांपुढे रामाजीची गुलाबी नखं आली आणि राग टिकेना. त्या हसत सुटल्या. मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. सोमवारी आदेश येणार होता. त्याला खोटं सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि खरं सांगितलं तर धनराजच्या गोळ्या बंद होणार होत्या.

६

सोमवारी दवाखान्याच्या ओट्यावर आदेश येऊन बसला, तेव्हा आवारात बरीच माणसं जमली होती. टोल्यावरचे आले होते, कंपनीचे फुकट गोळ्या घेणारेही आले होते. बोलावलं कोणालाच नव्हतं. आदल्या दिवशी साधनाबाई धनराजशी बोलल्या होत्या, आणि बातमीला पाय फुटले होते.

"तुमची एकही गोळी चोरीला गेलेली नाही," साधनाबाई म्हणाल्या. "हे तुम्ही स्वतः कपाट ताडून पाहिलं आहे. माझी चौकशी पुरी झाली."

"मग यांच्या नखांवर रेघ कुठून आली?"

"बाजारातून. पैसे देऊन, पक्क्या बिलानं. तेच औषध हैदराबादेत बनते."

आदेश उभा राहिला. "तो आमच्या पेटंटचा भंग आहे!"

"कोणतं पेटंट?" डॉक्टरांनी विचारलं. "क्रमांक सांगा."

आदेशने मोबाइल चाळला आणि परत खिशात टाकला. क्रमांक नव्हताच.

कमळा पुढे आली. "साहेब, जुन्याच भाजीत नवं मीठ टाकलं, तं भाजी नवी होते का? वकीलसाहेबानं मले तेच समजावून सांगतलं. आमी तेवढंच म्हणून राह्यलो."

लोक हसले. आदेशचा चेहरा लाल झाला. त्याने फाइल उघडली. "ठीक आहे. पण करार करार आहे. वरून हुकूम आला तर मला योजना बंद करावी लागेल. जे आज फुकट घेतात, त्यांचं उद्यापासून बंद. त्यांचा विचार करा."

  साधनाबाईंनी धनराजकडे बघितलं नाही, बघवलंच नाही. पण अंगणात टाकलेल्या खाटेचा करकर आवाज आला आणि धनराज उठून ओट्याशी आला. त्याच्या हातात कंपनीची बाटली होती.

"हे घ्या," तो म्हणाला. "या गोळ्यांनी मले उभं केलं, त्याचे उपकार मानतो. पण दर महिन्याले बाटली घेताना मले वाटे, का माह्यामुळं दिव्यानीले गोळी भेटून नाई राह्यली. आता आमी सगळे वरंगलच्याच घेतो. माह्या मावशीनं मले काल समदं सांगतलं. ती म्हणे, तू ठरव. म्या ठरवलं."

त्याने बाटली ओट्यावर ठेवली. मग दुसऱ्याने ठेवली. तिसरी बाई पदराच्या गाठीतून सोडवून घेऊन आली. भीती घालायला आदेशपाशी आता काहीच उरलं नाही. तो बाटल्यांकडे बघत बसला. मग त्याने टाय सैल केला आणि पहिल्यांदा आपल्या घरच्या बोलीत बोलला, "मी बल्लारपूरचा आहो, बाई. पेपर मिलच्या क्वार्टरातला. मले का वाटते तुमाले, हे नाचणं पाहून खुशी नाई झाली? म्या तो व्हिडिओ आठ-दहा वेळा पाह्यला."

"मग लिहा जे पाहिलं ते," साधनाबाई म्हणाल्या.

त्याने लिहिलं. चोरी नाही, गोळ्या पूर्ण, एवढंच. साधनाबाईंनी खाली सही केली आणि दिव्यानी त्याच्यासाठी चहा घेऊन आली.

७

योजना बंद झाली. कंपनीने वरंगलच्या दुकानदाराला आणखी एक नोटीस धाडली. त्याने ती दुकानात चौकट करून लावली, असं कमळा सांगत असे. पेटंट कार्यालयातली सुनावणी संगणकावरून झाली. दवाखान्याच्या खोलीत रुग्ण दाटीवाटीने बसले, रामाजी पहिल्या रांगेत. दिव्यानी बोलली. कळा आल्यावर काय होतं आणि त्या न आल्यावर सकाळ कशी असते, एवढंच तिने सांगितलं. पावसाळ्यानंतर निकाल आला. वेलनॉरचा अर्ज फेटाळला होता. क्षार बदलल्याने औषधाचा गुण वाढला, हे कंपनीला दाखवताच आलं नव्हतं.

त्या दिवशी येरंडी फाट्यावर डीजे आला. रुखमा सिस्टर नाचली, डॉक्टर मडावी गोंडी रेला नाचाचा फेर धरून नाचले, आणि झिंगू वैदूने शेकडो माणसांना काढा पाजला. साधनाबाई नाचणार नव्हत्या. पण दिव्यानीने हात धरून ओढलं, मग त्या थांबल्याच नाहीत.

दुसऱ्या कारखान्यांनीही तीच गोळी बनवायला घेतली, किंमत आणखी उतरली, आणि पुढच्या वर्षी ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागली. एकदा साधनाबाई नात्यातल्या कोणाला भेटायला चिमूरला गेल्या होत्या. सरकारी दवाखान्यातून काही औषध घ्यायचं होतं. खिडकीपुढे ही भली मोठी रांग. त्यांच्या पुढे एक म्हातारी, बुधरी तिचं नाव, पाठीशी नातू बांधलेला. त्याच्या इवल्याशा नखांवर निळसर रेघ होती.

बुधरीला वेलनॉर ठाऊक नव्हती. पेटंट म्हणजे काय, वरंगल कुठे आहे, कोण कुठे नाचलं, तिला काहीच माहीत नव्हतं. ती फक्त कावली होती. खिडकीवर हात आपटून ती ओरडत होती, "ए बापू! सिकलसेलच्या गोळ्या देता का नाई? सरकारी आहे त म्हणून का दिवसभर उभं ठेवता? आमचा हक नाई का?"

आतून आवाज आला, "गडबड करू नका, आजी. जेवणाची सुट्टी आहे."

साधनाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले, रांगेतून बाहेर निघाल्या, बुधरीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या पोलिसी आवाजात, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं गरजल्या, "ओ भाऊ! जेवण नंतर करा! बाईच्या गोळ्या द्या आधी!"

खिडकी उघडली.